फरशी उखडली, आता वाफसा कधी येतोय ते बघायचं

आमच्या घरामागे २२ बाय १४ फुटांची मोकळी जागा आहे असं मी सगळ्यांना सांगायचे, पण खरं म्हणजे ती जागा नव्हतीच, ती नुसती शहाबादी फरशी होती. सासऱ्यांनी हौसेने घातलेली, चिखल नको म्हणून. त्यावर आमची स्कूटर, मुलाची सायकल, एक बंद पडलेलं वॉशिंग मशीन जे "कधीतरी दुरुस्त करू" म्हणून ठेवलंय, आणि कडेने माझ्या पंधरा कुंड्या आणि कुंपणाला चिकटून दोन बारकेसे वाफे. एवढ्यातच गेली सहा-सात वर्षं माझी परसबाग चाललीये. कोथिंबीर, मिरची, चार वांगी, पावसाळ्यात एखादा दोडका, बस्स.

यंदा मार्चमध्ये मी जाहीर केलं की फरशी काढायची. नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली न घेताच विचारलं, स्कूटर कुठे लावायची? मी म्हटलं पुढे. पुढे ऊन लागतं सीट तापते म्हणे. अरे मग त्याच उन्हासाठी तर मी मरतेय! मग दोन दिवस घरात शांतता, तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला की अर्धी काढू, अर्धी राहू दे. आमच्याकडे अर्धं म्हणजे होकार असतो.

पण जागा वाढवायचं खूळ डोक्यात आलं ते गेल्या वर्षीच्या फजितीमुळे, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला मी फार आत्मविश्वासाने १५ मेच्या आसपास सगळं लावून मोकळी झाले होते. भेंडी, गवार, चवळी टोकली, दोडका लावला, टोमॅटोची आणि मिरचीची रोपं लावली, आणि रोज संध्याकाळी पाणी घालून खुश. हिशोब असा होता की पाऊस यायला अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत, तोपर्यंत रोपं चांगली धरतील. आणि मग तो मे महिना आला जो कुणीच विसरणार नाही. केरळात २४ मेला मान्सून आणि मुंबईत २६ मेला, जिथे एरवी ११ जून धरतात. पण आमच्याकडे तर त्याच्याही आधीपासून वळीव म्हणता म्हणता जे सुरू झालं ते थांबेचना. सातारकरांना वळीव नवा नाही, दुपारी तापतं, चारला अजिंक्यताऱ्यावर काळं होतं, तासभर झोडपतो आणि संध्याकाळी परत मातीचा वास आणि कैरी. हे तसं नव्हतंच. रोजच्या रोज. शेतकऱ्यांना मशागतीला उसंत मिळाली नाही, तिथे माझ्या दोन वाफ्यांची काय कथा.

माझे वाफे काळ्या मातीचे आणि जमिनीच्या पातळीला, वर तीन बाजूंनी फरशी, म्हणजे फरशीवरचं सगळं पाणी उताराने वाफ्यातच. सहा दिवस पाणी साचून होतं. भेंडीचं बी उकरून बघितलं तर बोटात पिठासारखं झालं, गवार आणि चवळीचीही तीच तऱ्हा. टोमॅटोची रोपं बुडाशी बारीक होऊन एकेक आडवी पडली, सकाळी उठलं की आणखी दोन आडवी. मिरचीची तीन वाचली तीही पिवळी. जूनमध्ये परत सगळं लावायचं म्हटलं तर माती कोरडीच होईना.

तेव्हा आईला फोन केला. माझं माहेर चिपळूणजवळ, आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या परड्यात अजूनही पावसाळ्यात मांडव असतो. तिला वाटलं असेल की ही रडतेय, कारण मी खरंच रडवेली झाले होते. ती एवढंच म्हणाली, "वाफसा नसताना हात कशाला घातलास गो मातीत?"

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय पण खरं सांगू का, मला तो नीट कळला गेल्या वर्षी. माती कोरडी पण नाही आणि चिखल पण नाही, पाणी निथळून गेलंय आणि कणाकणांच्या मध्ये परत हवा शिरलीये अशी जी मधली अवस्था असते तो वाफसा. बी रुजायला पाणी लागतं हे आपल्याला माहीत असतं पण त्याला श्वास पण घ्यायचा असतो हे आपण सोयीस्कर विसरतो. आईची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा, आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू वळलाच नाही तर कोरडी, पाणी घाल. पडून तसाच राहिला किंवा चपटा झाला तर ओली, थांब. पडून फुटला आणि भुगा झाला तर वाफसा, लाव. झालं. यासाठी मी मागे ऑनलाइन एक मातीचा ओलावा मोजायचं मीटर मागवलं होतं, ते नेहमी "ओलं" असंच दाखवतं, पाण्याच्या ग्लासात पण आणि हवेत पण.

तर यंदा ठरवलं की बियांची पाकिटं नंतर, आधी वाफे वर उचलायचे. नुसती जागा वाढवून काही होत नाही, फरशी काढून तिथे तसाच सपाट वाफा केला असता तर दोन डबक्यांची पाच डबकी झाली असती.

एप्रिलच्या शेवटी एक मामा आले, पहार आणि कुदळ घेऊन. शहाबादी फरशी दोन बाय दोनची, एकट्याला उचलवत नाही, खालून पहार घालून तिरकी करायची आणि मग दोघांनी उभी करून भिंतीला लावायची. सव्वीस फरश्या निघाल्या, तीन फुटल्या. खाली काय होतं तर आधी सिमेंटचा पातळ थर, मग मुरूम, मग वीटकाम झाल्यावर उरलेला सगळा राडारोडा. माती नावाला नाही! मामा म्हणाले, "ताई, हितं गवत सुदिक यायचं न्हाई." मी म्हटलं खणा फूटभर, बाकी मी बघते. आणि तेवढ्यात कुदळ कशालातरी खणकन लागली आणि पाण्याची चिळकांडी जी उडाली ती थेट दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर. टाकीला जाणारा जुना लोखंडी पाईप तिथून जातो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, सासऱ्यांना माहीत असणार पण ते आता सांगायला नाहीत. सकाळची पाणी यायची वेळ. पुढचा दीड तास नवरा त्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून पाईपवर सायकलची ट्यूब गुंडाळतोय, प्लंबर फोन उचलत नाहीये, मुलगा व्हिडिओ काढतोय. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला हे सांगायला नकोच. नंतर तेवढा तुकडा प्लास्टिक पाईपचा करून घेतला आणि त्याच बहाण्याने मी मागे एक वेगळा नळ काढून घेतला, जो मला तीन वर्षांपासून हवा होता. कुणी काही बोललं नाही.

वाफे कुठे आखायचे यावर मात्र मी बराच वेळ घालवला. आमचं घरामागचं अंगण उत्तरेला आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून तिरका जातो तेव्हा अख्ख्या घराची सावली मागे पडते, वाफ्यात ऊन म्हणाल तर जेमतेम दोन तास, म्हणून इतकी वर्षं मला वाटायचं की मागे काही होणारच नाही. पण उन्हाळ्यात बरोबर उलटं. १० मेच्या आसपास साताऱ्यात शून्य सावली दिवस असतो, दुपारी साडेबाराच्या जवळपास सूर्य बरोबर डोक्यावर, काठी उभी केली तर सावली तिच्या पायाखालीच. तेव्हापासून ऑगस्टच्या सुरवातीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडून असतो, म्हणजे मागचं अंगण भरपूर उजेडात. म्हणजे ही जागा पावसाळी भाज्यांची आहे, थंडीतल्या मेथी-पालकाची नाही, त्या पुढे कुंड्यांतच. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांचा प्रयोग परिवार (स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं) जुन्या लोकांना आठवत असेल, त्यांची सगळी मांडणीच या उन्हाच्या हिशोबाची होती. आपण पाण्याचा हिशोब करतो, खताचा करतो, ऊन मात्र फुकट म्हणून मोजत नाही. मी यावेळी तीन दिवस सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला जाऊन सावलीच्या कडेवर खडूने रेघा मारल्या. शेजारच्या काकूंना वाटलं वास्तूचं काहीतरी आहे.

तीन गादीवाफे केले. प्रत्येक १० फूट लांब, ३ फूट रुंद, जमिनीपासून एक फूट उंच, मध्ये दीड फुटाची वाट. रुंदी तीनच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. आणि कडा कशाच्या? त्याच शहाबादी फरश्यांच्या! आडव्या होत्या त्या उभ्या केल्या, निम्म्या जमिनीत गाडल्या, निम्म्या वर. विटांचा खर्च वाचला आणि सासऱ्यांची फरशी फेकली नाही म्हणून नवऱ्याला पण बरं वाटलं. वाटांना कुंपणाकडे थोडा उतार दिलाय, तिथून पाणी बाहेरच्या गटारात.

मग भरायचं काम. एका वाफ्याला ३० घनफूट, तिघांचे ९०, म्हणजे जवळजवळ एक ब्रास (शंभर घनफूट). हे कागदावर फार छोटं वाटतं. अर्धा ब्रास लाल माती मागवली, ट्रॅक्टरवाल्याने ती गेटच्या बाहेर रस्त्यावर ओतली आणि गेला, कारण आमच्या बोळातून ट्रॉली आत येत नाही. दोनशेच्या आसपास घमेली झाली एकंदर, माती, खत, पाचट सगळं धरून. मी मोजत होते आधी, एकशे चाळीसनंतर मोजायचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की भांडी घासायला वाकता येईना, त्याचा फायदा घेऊन दोन दिवस घासली पण नाहीत. तळाला सहा इंच उसाचं पाचट आणि वाळका पाला दाबून घातला (साताऱ्यात राहून पाचट विकत घ्यायचं म्हणजे समुद्राकाठी मीठ विकत घेण्यातला प्रकार, ओळखीच्या शेतातून चार पोती फुकट मिळाली), वर लाल माती, जुन्या वाफ्यातली काळी माती आणि शेणखत. नुसती लाल माती पाणी धरत नाही, नुसती काळी सोडत नाही, दोघींचं लग्न लावलं की संसार बरा होतो.

शेणखताने मात्र दगा दिला. "दोन वर्षांचं कुजलेलं आहे" असं सांगून जे आलं ते वरून काळं भुसभुशीत आणि आतमध्ये हात घातला तर गरम. चटका बसेल असं नाही पण ताज्या चपातीसारखं. आणि नाकाला झोंबणारा वास. म्हणजे अजून कुजणं चालूच होतं. वर पोत्याच्या तळाशी पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या, तांबूस डोक्याच्या. ओळखलंच असेल. हुमणी. ही अळी मुळं खाते, वरून रोप दोन दिवसांत सुकतं आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालत बसतो. मी सगळं खत प्लास्टिकवर पसरलं उन्हात, आणि एक काठी घेऊन बसले वेचायला. पहिल्या दिवशी साठ-बासष्ट निघाल्या. दुसऱ्या दिवशी मला बसायची गरजच पडली नाही, साळुंक्यांची अख्खी टोळी आली, आणि दुपारी कुंपणावरून एक भारद्वाज उतरला, तो तांबडे पंख सांभाळत, रुबाबात चालत, एकेक अळी उचलून खात होता. भारद्वाज दिसणं शुभ म्हणतात. अळ्यांना विचारा. खताचं म्हणाल तर ते आठवडाभर उन्हात, मग ओलं करून झाकून दोन आठवडे, वर निंबोळी पेंड आणि मेटारायझियमची पावडर मिसळली. ही बुरशी हुमणीला रोग लावते, कृषी सेवा केंद्रात मिळते, महाग नाही. आणि एक, पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर जे तपकिरी भुंगेरे जमतात ते हुमणीचेच आईबाप. फांदी हलवायची, पडतात खाली, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. आमच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली मी आणि मुलगा टॉर्च घेऊन गेलो होतो तर येणारे-जाणारे विचारत होते, काही हरवलंय का?

आता लावायचं काय आणि कधी.

यंदा अधिक ज्येष्ठ आलाय त्यामुळे गावाकडे पण लोक घोळ घालतायत की महिना पुढे गेला म्हणजे पेरणी पुढे का. तसं नसतं हो. सण चंद्राच्या तिथीवर, पण पावसाची नक्षत्रं सूर्यावरची, ती अधिक महिन्याने हलत नाहीत. रोहिणी २५ मेच्या आसपासच लागणार आणि मृग ७-८ जूनलाच. सण मात्र लांबले, नागपंचमी थेट १७ ऑगस्टला आणि गणपती १४ सप्टेंबरला. हे माझ्या फायद्याचं आहे, का ते सांगते.

पहिल्या वाफ्यात हळद आणि आलं. ही खरी मे महिन्यातली लावणी, अक्षय्य तृतीयेपासून सुरू होते ती. आमचा जिल्हाच आल्याचा, त्यामुळे बेणं मिळायला अडचण नाही, फक्त बाजारात भाजीला मिळणारं धुतलेलं चकचकीत आलं लावू नका, डोळे फुगलेलं, सुरकुतलं तरी चालेल पण मऊ न पडलेलं घ्या. हळदीचे जेठे गड्डे म्हणजे मधले मुख्य कंद मिळाले सेलम जातीचे, नऊ लावले, एकेक फुटावर, डोळा वर करून, वर दोन-तीन इंच माती आणि त्यावर पाचटाची जाड गादी. आता फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पण पानं? पानांना हात लावायचा! एरवी नागपंचमीला पातोळे करायला हळदीची पानं जेमतेम वीतभर झालेली असतात आणि मी आईकडून मागवते. यंदा सतरा ऑगस्टपर्यंत माझी स्वतःची हातभर लांब होतील. लांबलेल्या सणाचा फायदा तो हा.

दुसऱ्या वाफ्यात भेंडी, गवार आणि कडेने तांबडा माठ. भेंडी परभणी क्रांती घेतली, जुनी जात आहे पण केवड्याला तग धरते. केवडा म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडत जातात आणि भेंडी पण पिवळट निघते, पांढरी माशी पसरवते तो रोग, एकदा आला की रोप उपटून टाकणे हाच उपाय. बी रात्रभर भिजत घालायचं आणि फुटाफुटावर दोन-दोन टोकायचं, मग जे जोमदार ते ठेवायचं. हे "मग एक उपटायचं" मला अजून जमत नाही, जीव होत नाही, आणि म्हणून दरवर्षी दाटी होते. चार माणसांच्या घराला पंधरा झाडं खूप झाली, एकदा सुरू झाली की दिवसाआड पाव किलो निघते आणि एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी ती भेंडी नसते, तो दोर असतो. म्हणून निम्मी आत्ता, निम्मी तीन आठवड्यांनी.

तिसरा वाफा वेलांचा, त्यावर मांडव. इथे आईचं राज्य. गेल्या दिवाळीत गेले होते तेव्हा तिने एका जुन्या पावडरच्या डब्यातून राखेत ठेवलेलं बी काढून दिलं, पडवळ, दोडका, तवसं (कोकणातली मोठी काकडी) आणि चिबूड (खरबुजासारखं फळ), वेगवेगळ्या चिंध्यांच्या पुरचुंड्या, नाव कशावरच नाही. "बघितलंस की कळतं." तिला कळतं! मला पडवळाचं तेवढं कळलं, चपटं, कडेला नक्षी असलेलं, बाकी फोटो पाठवून विचारलं. पडवळाच्या बिया फक्त पाच होत्या. एवढ्याच? म्हटलं तर म्हणाली, दोन वेल खाऊन संपत नाहीत तुम्हांला, पाचाचं काय करशील.

मांडवाला सहा बांबू, सहा फूट उंची, वर तार आणि जाळी. नवऱ्याने बांधला आणि खरंच छान बांधला, पाईपचा सगळा राग त्याने त्या तारेवर काढला. दोडक्याबद्दल एक सांगते कारण मला दर पावसाळ्यात तीन जणी तरी विचारतात की फुलं येतात पण फळ धरत नाही. अहो, पहिले काही दिवस नुसती नर फुलंच येतात, बारीक दांडीची, मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका आधीच असतो. आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पाच-सहा वाजल्यानंतर, दुधीचं पण तसंच, काकडी-कारल्याचं सकाळी. तुम्ही सकाळी आठला ब्रश घेऊन दोडक्याचं परागीकरण करायला गेलात तर ती वेळ कालच होऊन गेलेली असते. मी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की जाते, नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादीला हळूच टेकवायचं. मुलगा याला मम्मीचं मॅरेज ब्युरो म्हणतो. फळमाशीसाठी क्यू ल्युरचा, म्हणजे नर माशांना वासाने ओढणारा सापळा मांडवाच्या कोपऱ्यात, तो फुलं यायला लागली की लगेच टांगायचा, दोडके वाकडे व्हायला लागल्यावर नाही.

टोमॅटो यंदा नाही. माझं आता पक्कं मत झालंय की आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटोच्या नादी लागू नये, करपा येतो आणि आपण फवारण्या करत बसतो, सप्टेंबरात रोपं लावायची आणि थंडीत खायचे. अळू मोरीच्या पाण्यावर आहेच, त्याला कुणी लावलं नाही आणि कुणी काढू शकत नाही.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, ते पण केलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे, मी ते घरगुती केलं, १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, तीन दिवसांत तयार, वापरताना दहापट पाणी. वास येतो. "येत नाही हो फारसा" असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरून विचारलं, "अगं तुमच्याकडे गाय आणलीय का?" त्यांना जुलैत भेंडी द्यायचं कबूल केलंय.

वाफे भरून पंधरा दिवस नुसतेच पडून होते आणि हा काळ सगळ्यात अवघड. बियांची वाटी ओट्यावर, माती तयार, अडतीस-एकोणचाळीसचं ऊन, आणि मी पाईप घेऊन उभी की चला आजच टाकू. आईला रोज फोन. ती रोज एकच, थांब. नुसत्या पाईपच्या पाण्यावर वेलाचं बी लावू नको, एक वळीव होऊ दे, मातीची उष्णता निघू दे. मला वाटलं ही कोकणातली गणितं, घाटावर कशी लागू पडतील. पण गेल्या वर्षीचा चिखल आठवून गप्प बसले.

परवाच्या परवा दुपारी चारला काळं झालं. आधी धूळ, मग काकूंच्या पत्र्यावर टपाटप, मग पाऊण तास असा कोसळला की मांडवाची जाळी एका बाजूला लोंबली. मी खिडकीतून बघत होते, वाफ्यांकडे नाही, वाटांकडे. पाणी वाटांतून धावत कुंपणापर्यंत गेलं आणि गटारात पडलं. लाल पाणी, म्हणजे थोडी माती गेलीच. पण साचलं नाही. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, उतार बरोबर निघाला की. उतार त्याने काढला होता, लेव्हल ट्यूब लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर माती घेतली, लाडू वळला, सोडला. चपटा झाला. संध्याकाळी परत, तसाच, कडा थोड्या फाटल्या. काल सकाळी साडेसहाला चहाच्या आधी गेले, लाडू वळला, कमरेवरून सोडला आणि तो वाटेवर पडून फुटला, असा भुगा झाला की मी तिथेच ओरडले. आईला फोन लावला. तिने पहिलं विचारलं, "वास कसला येतोय?" हे मला आधी कधी विचारलं नव्हतं. मी खाली बसून वास घेतला, म्हटलं ओला, पण आंबट नाही. "मग लाव. आणि पाचवं बी राखेत परत ठेव."

चार पडवळं लावली, टोक खाली करून, बोटाच्या एका पेराइतकी खोल. दोडक्याच्या सहा बिया, तवसं चार, चिबूड चार. भेंडी रात्री भिजवली होती ती आज सकाळी टोकून झाली. वर पाचट पातळ अंथरलंय. काडीला चिठ्ठ्या लावल्यात, वॉटरप्रूफ पेनाने, कारण मी काही आई नाही बघून ओळखायला.

आणि आत्ता हे लिहिता लिहिता मागे आवाज आला म्हणून गेले तर काकूंचं मांजर तिसऱ्या वाफ्याच्या बरोबर मध्ये, पडवळाच्या चिठ्ठीपाशी, मऊ माती मिळाल्याच्या आनंदात उकरत बसलंय. तीन चिठ्ठ्या जागेवर आहेत. चौथी मांजराच्या पायाखाली. राखेतलं पाचवं काढायचं की आधी आईला विचारायचं, या विचारात मी दारात उभी आहे.